खाली कारखाना, वर घर : आग लागली तर जबाबदार कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या खडखडाटात गेलं. खाली माग, वर दोन खोल्या, मधे एकच लोखंडी जिना. रात्री लाइट जाऊन माग थांबले की आम्हाला जाग यायची, इतकी त्या आवाजाची सवय होती. ‘खाली कारखाना, वर घर’ ही पद्धत मला परकी नाही. तिनं आमची पोटं भरली.

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरातल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. कारखान्याचे मालक, त्यांच्या घरातली माणसं, त्यांतलं एक दीड वर्षाचं लेकरू आणि तिथंच राहणारे कामगार. मालक आणि कामगार एकाच धुरात गेले. त्या दिवसापासून ओळखीचे कारखानदार, भाडेकरू, कामगारांच्या घरातल्या बायका मला जे प्रश्न विचारत आल्या, ते आणि त्यांची मला ठाऊक असलेली उत्तरं इथं लिहून ठेवली आहेत. दोषी कोण ते न्यायालय ठरवतं. पण कायदा कुणाकडून काय अपेक्षा करतो, हे आधी माहीत असेल तर आग लागायच्या आधीच पुष्कळ काही करता येतं.

आग शॉर्ट सर्किटनं लागली असं पेपरात येतं. मग त्यात माणसाची चूक कुठं आली?

मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच, आणि माझा सगळा जीव याच्या उत्तरात आहे. शॉर्ट सर्किट हे आग कशी लागली याचं उत्तर झालं. माणसं का मेली, हा प्रश्न वेगळा आहे. ठिणगी कुठंही पडते. ती एका खोलीत विझते की आठ जणांना घेऊन जाते, हे जिना, दार, खिडकी आणि माल कुठं रचला आहे त्यावर ठरतं, आणि यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी माणसानं ठरवलेली असते.

३ एप्रिल २०२४ ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या कपड्याच्या दुकानाला पहाटे आग लागली. वरच्या मजल्यावर ज्वाळा पोचल्याच नाहीत. तरी एकाच कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या पूर्णानगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानात राहणारे आईवडील आणि त्यांची दोन मुलं गेली. ३१ डिसेंबर २०२३ ला वाळूज एमआयडीसीत हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा कामगार गेले. मुंबईत साकीनाक्याच्या फरसाण कारखान्यात १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे बारा कामगार गेले, तेही तिथंच झोपायचे. गावं वेगळी, माल वेगळा, पण वेळ एकच, रात्र किंवा पहाट. माणसं झोपलेली, खाली जळणारा माल आणि बाहेर पडायला एकच वाट, तीही मालातून जाणारी.

आणि शॉर्ट सर्किट तरी आपोआप होतं का? घरासाठी ओढलेल्या वायरवर मागांच्या मोटारी चढवल्या, पुढं एसी लावला, एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारी कळ) सारखा पडतो म्हणून वायरमनला सांगून मोठा बसवून घेतला. तो एमसीबी आपल्याला सांगत होता की वायरला हा भार झेपत नाही. आपण त्याचं तोंड बंद केलं. त्यात मागाखात्यात कापसाचे तंतू हवेत उडत असतात, ते पट्टीवर, बोर्डात, ट्यूबवर बसतात. महिनोन्‌महिने कुणी झाडत नाही. हे करणारा किंवा न करणारा माणूसच असतो.

‘बेकायदा बदल’ म्हणजे नेमकं काय? आम्ही तर एक वीटही वाढवली नाही.

वीट वाढवायची गरजच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला मोठा बदल येतो. नकाशा गोडाऊनचा मंजूर असेल आणि तिथं प्लायवूडची पार्टिशन टाकून आठ खोल्या केल्या, तर तो बदल झाला. घराचा नकाशा असताना खाली माग बसवले, तरी झाला. अशा बदलाला परवानगी लागते. काही छोट्या उद्योगांना निवासी भागात परवानगी मिळूही शकते. मात्र ती मागावी लागते, आणि मागितली की कुणीतरी येऊन जिना मोजतो, दुसरी वाट कुठं आहे ते विचारतो.

परवानगीचा खरा उपयोग हा आहे. लोक तिला कागद समजतात. गोडाऊनचा नकाशा मंजूर करताना आत रात्री कुणी झोपणार नाही हे धरलेलं असतं. तिथं तुम्ही माणसं झोपवली की तो सगळा हिशेब चुकतो. जागं माणूस धुराचा वास आल्यावर उठून पळतं. झोपलेल्याला बऱ्याचदा वास येतच नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याला झोपेतच बेशुद्ध करतो.

घर आमचं, कारखाना आमचा, राहणारे आम्हीच. मग दुसऱ्याला काय त्याचं?

काका, मावशी, हा प्रश्न तुम्ही रागानं विचारता हे मला कळतं. पण त्या घरात तुमची नातवंडं असतात, रात्रपाळीचा कामगार असतो, शेजारी भिंतीला भिंत लागून दुसऱ्याचं घर असतं. आपल्या पेठांमधले बोळ असे की बंब आत वळत नाही. तुमच्या घरातली आग तुमच्यापुरती राहत नाही. अक्कलकोट रोडला मालकाचं कुटुंबही वाचलं नाही, हे विसरू नका.

आम्ही घरपट्टी भरतो, व्यापारी दरानं लाइटबिल भरतो. म्हणजे महापालिकेनं मान्य केलंच ना?

नाही. कर भरणं वेगळं आणि अधिकृत असणं वेगळं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये बेकायदा बांधकामावर शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद आहे, आणि ही शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. घरपट्टीची पावती ही पैसे भरल्याची पावती. वीजजोडणी मिळाली याचा अर्थ मीटर बसला, एवढाच.

आमचा प्लॉट गुंठेवारीत नियमित झाला आहे.

चांगलं झालं. त्यामुळं प्लॉटचा आणि बांधकामाचा प्रश्न सुटला असेल. आगीतून बाहेर पडायची वाट त्यानं तयार होत नाही.

मी जागा भाड्यानं दिली. आत खोल्या पाडल्या भाडेकरूनं. आग लागली तर मी का जबाबदार?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा आपल्याकडचा मुख्य कायदा आहे. तो मालकापासून सुरू होतो. मालक सापडत नसेल तर भोगवटादार, म्हणजे प्रत्यक्ष जागा वापरणारा. ज्या इमारतींना हा कायदा यंत्रणा बसवायला सांगतो, तिथं ती चालू स्थितीत ठेवणं आणि दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र अग्निशमन विभागाकडं देणं, हेही मालकाचं किंवा भोगवटादाराचं काम आहे. ‘जागा माझी, पण आत काय चालतं मला माहीत नाही’ हे उत्तर त्यात बसत नाही. भाडं घ्यायला महिन्याला माणूस जातोच की. त्यानं जिन्यात रचलेले गठ्ठे पाहिले नाहीत का?

पण गुन्ह्याच्या खटल्यात सगळे सारखे अडकतात असंही नाही, आणि इथं मला परदेशातलं एक उदाहरण सांगावंसं वाटतं, कारण ते हुबेहूब आपल्यासारखं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ‘घोस्ट शिप’ नावानं ओळखलं जाणारं एक गोडाऊन होतं. ते एकानं भाड्यानं घेतलं आणि आत कलावंतांना राहायला, काम करायला जागा पोटभाड्यानं दिली. परवानगी नाही, पाण्याचे फवारे नाहीत, लाकडी पाट्या जोडून केलेला जिना. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री तिथं संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि छत्तीस माणसं मेली. मुख्य भाडेकरूनं २०२१ मध्ये छत्तीस मृत्यूंबद्दल गुन्हा कबूल केला आणि त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या सहकाऱ्याला ज्युरीनं २०१९ मध्येच निर्दोष ठरवलं होतं. जागेच्या मालकांवर फौजदारी खटला झालाच नाही. शहर प्रशासनानं पीडितांशी तडजोड करून ३ कोटी २७ लाख डॉलर दिले.

ते वाचल्यापासून मला एक गोष्ट खटकत राहिली आहे. तिथं राहणाऱ्यांनी भाडं भाडेकरूला दिलं, भाडेकरूनं मालकाला दिलं. पैसा वरपर्यंत गेला, शिक्षा मधेच थांबली. आपल्याकडंही साखळी अशीच असते. जागेचा मालक, ती चालवायला घेणारा, मजूर आणणारा मुकादम. प्रत्येक जण पुढच्याकडं बोट दाखवतो. म्हणून भाडेकरार करताना मालकांनो, लेखी आणि नोंदणीकृत करार करा, वापर काय ते लिहा आणि आत रात्री कुणी राहणार का तेही लिहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवणं ही घरमालकाचीच जबाबदारी आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं.

पोलिस कुठलं कलम लावतात?

बऱ्याचदा आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते. चौकशीत हलगर्जी दिसली की गुन्हा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये ती दोनच वर्षं होती. आग किंवा ज्वालाग्राही वस्तूंबाबत हलगर्जी केली तर कलम २८७. आणि सर्वांत गंभीर म्हणजे कलम १०५, सदोष मनुष्यवध. आपल्या करणीनं माणूस मरू शकतो हे माहीत असताना ती गोष्ट केली असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद.

खटल्याचं सगळं वजन ‘माहीत होतं का’ या एका मुद्द्यावर येऊन पडतं. आधी नोटीस आली होती का? आधी छोटी आग लागून विझवली होती का? कामगारानं जिन्यातला माल हलवा म्हणून सांगितलं होतं का? यांतल्या एकाचा जरी कागद असला तर ‘मला काय माहीत’ म्हणणं अवघड होतं. म्हणून भाडेकरू असाल तर मालकाला तोंडी सांगितलेली गोष्ट व्हॉट्सॲपवरही लिहून पाठवा. नम्रपणे, पण तारखेसह.

महापालिकेचे, एमआयडीसीचे अधिकारी सुटतात ते कसे?

आधी हद्द समजून घ्या. शहरातल्या पेठा आणि हद्दवाढ भागाला सोलापूर महानगरपालिका हे नियोजन प्राधिकरण. एमआयडीसीच्या क्षेत्रात नकाशा मंजूर करायचा अधिकार एमआयडीसीचा, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचा. कामगारांची सुरक्षा बघणारं खातं आणखी वेगळं, विजेचं निरीक्षण करणारे विद्युत निरीक्षक वेगळे. दुर्घटना झाली की प्रत्येकाची फाईल दुसऱ्याच्या दारात जाते. छोट्या मागवाल्यांची तर आणखी पंचाईत. दहापेक्षा कमी कामगार ठेवले की १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या व्याख्येत विजेवर चालणारा कारखाना बसायचाच नाही. कागदावर कारखाना नसल्यानं तिथं तपासणीला कुणी जायचं नाही. आमच्या गल्लीत मी कधी तपासणीचा माणूस आलेला पाहिला नाही.

कायद्यात अधिकाऱ्यांची जबाबदारी नाही असं मात्र नाही. नगररचना अधिनियमाचं कलम ५६-अ फार कमी लोकांना माहीत आहे. बेकायदा बांधकाम निदर्शनास आणून दिल्यावरही पुरेशा कारणाशिवाय कारवाई केली नाही, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे अशा कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘निदर्शनास आणून दिल्यावर’ हे शब्द महत्त्वाचे. म्हणून अर्ज लेखी द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयानंही १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितलं आहे की इमारतीचं पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच वीज-पाण्याची जोडणी द्यावी, आणि दुर्लक्ष करणाऱ्या अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई व्हावी.

दुसरी बाजूही खरी आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली. जास्तीच्या खुर्च्या बसवून बाल्कनीतली बाहेर पडायची वाट बंद केली होती. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाईचा ८५ टक्के भार चित्रपटगृहाच्या मालकांवर आणि १५ टक्के वीज मंडळावर टाकला, महापालिका आणि परवाना देणारं खातं त्यातून सुटलं. शिवाय सरकारी नोकरावर कामाच्या संदर्भात खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी लागते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम २१८ मध्ये त्यासाठी १२० दिवसांची मुदत घातली आहे. तेवढ्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जाईल. हा बदल मला मोलाचा वाटतो. त्याचा वापर करणारी माणसं मात्र आपल्यातूनच पुढं यायला हवीत.

कामगार स्वतःच्या मर्जीनं तिथं राहत होते. मग त्यांचीही चूक नाही का?

असं बोलणाऱ्यांना मी एकदा विचारलं होतं, की तुम्ही त्या पगारात सोलापुरात खोली शोधून दाखवा. डिपॉझिट, भाडं, येण्याजाण्याचा खर्च. बिहार-उत्तर प्रदेशातून किंवा तेलंगणातून आलेल्या माणसाला घर भाड्यानं देताना आपण किती प्रश्न विचारतो तेही आठवा. कारखान्यात झोपायला मिळतं म्हणून मजुरी कमी धरली जाते, आणि रात्री कुणी माणूस आत असला की रखवालदाराचा पगार वाचतो. ज्या सोयीतून मालकाचा पैसा वाचतो तिला कामगाराची मर्जी म्हणणं मला मान्य नाही. दिल्लीच्या अनाज मंडीत ८ डिसेंबर २०१९ ला वस्तीतल्या कारखान्यात त्रेचाळीस जण गेले, तेही दिवसा काम करून तिथंच झोपलेले होते. धोका पत्करायचा की नाही हे निवडायला दुसरी जागा असावी लागते.

घरचा कर्ता माणूस गेला. भरपाई कुठून मिळते?

आधी एक फरक समजून घ्या. सरकार जाहीर करतं ती मदत असते. अक्कलकोट रोडच्या आगीनंतर पंतप्रधानांच्या मदत निधीतून मृतांच्या वारसांना २ लाख आणि जखमींना ५० हजार जाहीर झाले होते. तो हक्काचा दावा नव्हे, आणि ती मदत घेतली म्हणून तुमचा हक्क संपतही नाही.

हक्काची भरपाई मालकाकडून येते, किंवा कामगाराचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असेल तर त्यातून वारसांना पेन्शनसारखा दरमहा लाभ मिळतो. ईएसआय नसेल तर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा हिशेब लागतो, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणायचं. वेतन १५,००० पेक्षा जास्त असलं तरी १५,००० च धरतात. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८ आहे. म्हणजे वेतन १५,००० किंवा जास्त असेल तर ७,५०० गुणिले २०७.९८, सुमारे १५ लाख ६० हजार रुपये. हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण अंत्यविधीच्या दिवशी कुणीतरी येतो, हातावर पन्नास हजार ठेवतो आणि कागदावर अंगठा मागतो. अशा कागदावर सही करू नका. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

मालकाच्या वकिलाचा पहिला मुद्दा ठरलेला असतो : ‘तो त्या वेळी कामावर नव्हता, झोपला होता.’ त्याचं उत्तर तयार ठेवा. तो तिथं का झोपायचा? पहाटेची पाळी होती का? रात्री माल उतरवून घ्यायचा का? मालकानंच ठेवलं होतं का? पगाराची डायरी, फोनवरचे मेसेज, सोबतच्या कामगारांचे जबाब जपून ठेवा. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. महिला, कामगार, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं मोफत वकील मिळतो.

विमा होता, तरी कंपनी पैसे देत नाही म्हणते.

पॉलिसीत ‘गोडाऊन’ लिहिलं आणि आत कारखाना व माणसं होती, तर कंपनीला नकार द्यायला हेच कारण पुरतं. विमा काढताना खरा वापर लिहा. हप्ता जास्त बसेल, बसू द्या.

तक्रार केली तर जागा सील होईल आणि आम्हीच रस्त्यावर येऊ. मग तक्रार का करायची?

ही भीती खरी आहे, आणि मी तिला हलक्यात घेणार नाही. एका कुटुंबानं वायरिंगबद्दल तक्रार केली आणि पंधरा दिवसांत घरमालकानं त्यांचं पाणी तोडलं, हे मी जवळून पाहिलं आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे घरमालकाला असं पाणी किंवा वीज तोडता येत नाही. भाडेकरूला न्यायालयात जाऊन ती परत सुरू करून घेता येते. पण न्यायालयाची पायरी चढेपर्यंत पाणी कुठून आणायचं?

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गमध्ये ३१ ऑगस्ट २०२३ ला महापालिकेच्याच मालकीच्या एका सोडून दिलेल्या इमारतीत आग लागून सत्तरहून जास्त माणसं गेली. तिथं गरीब कुटुंबं पत्र्या-पुठ्ठ्याच्या खोल्या करून राहत होती, आणि सगळ्यांना ते माहीत होतं. त्यांना बाहेर काढायचं तर कुठं न्यायचं, या प्रश्नाचं उत्तर कुणी शोधलं नाही आणि इमारत तशीच राहिली. मला वाटतं जबाबदारीची सुरुवात इथूनच होते. नुसतं सील ठोकणारं प्रशासन माणसांना एका धोकादायक जागेतून दुसऱ्या धोकादायक जागेत ढकलतं.

आपल्या गावात हे जमू शकतं. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं लढून कुंभारीत दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी केली. त्याच भागात रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, आणि त्यांतल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. विडी वळणाऱ्या बायकांना घर मिळू शकतं, तर टॉवेल विणणाऱ्या आणि बाहेरून आलेल्या कामगारासाठी एमआयडीसीच्या जवळ भाड्याची साधी वसतिगृहं का होऊ नयेत? तक्रार एकट्यानं करू नका. दहा-बारा जणांच्या सह्यांनी करा आणि तिच्यात हे मागणंही लिहा : ‘जागा सुरक्षित करा, तोवर आमची सोय करा.’

दुसरीकडं जायला पैसे नाहीत. आहे तिथं राहून आजपासून काय करू?

कायदेशीर होण्याची वाट बघत बसू नका. जिना रिकामा करा. सगळ्यांत आधी हेच. जिन्यात गठ्ठे, सुताचे रिकामे कोन, दुचाकी, गॅसची टाकी, काहीही नको. मग रात्री लाइट बंद करून, डोळे मिटून, पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत चालत जाऊन बघा. मुलांनाही चालवा. जिथं अडखळाल तिथली वस्तू हलवा. खाली आग लागली आणि हा जिनाच धुरानं भरला तर दुसरी वाट कुठली, हे ठरवा. गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाता येत असेल तर शेजाऱ्याशी बोलून ठेवा. आपल्याकडं गच्च्या लागून असतात, त्याचा फायदा घ्या. खिडकीच्या ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडणारा करून घ्या. वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो. त्याची किल्ली तिथंच खुंटीला हवी, कपाटात नको.

झोपायची जागा मागाच्या किंवा मालाच्या खोलीपासून दूर घ्या. पोटमाळ्यावर कुणाला झोपवू नका. धूर आधी वर जातो. रात्री माग बंद केल्यावर नुसत्या बटणावर थांबू नका, मेन स्विच पाडा. घराची आणि कारखान्याची लाइन वेगळी करून घ्या, म्हणजे मेन पाडला तरी पंखा चालू राहील. मे महिन्यात आपल्याकडं पारा त्रेचाळीसच्या वर जातो. पंख्यासाठी म्हणून मेन चालू ठेवणारी माणसं मी ओळखते. ईएलसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारी कळ) बसवा. ठिणगी उडू शकेल अशा ठिकाणचे तंतू आठवड्याला झाडा, लाइन बंद करून. धूर ओळखून वाजणारा छोटा अलार्म बॅटरीवरचा मिळतो, तो झोपायच्या खोलीबाहेर आणि जिन्याच्या तोंडाशी लावा. झोपलेल्याला वेळेवर उठवणारी तीच वस्तू आहे.

भिंतीला लाल सिलिंडर लावला आहे. पुरे नाही का?

पहिल्या मिनिटाची छोटी आग असेल, तो भरलेला असेल आणि चालवता येत असेल तर. सुताच्या गाठीत आग शिरली की वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. गाठी फोडून एकेक भिजवाव्या लागतात, म्हणून अशा आगींना जवानांनाही तासन्‌तास लागतात. दोनदा मारून विझली नाही तर सिलिंडर टाका आणि बाहेर पडा. मागं दार ओढून घ्या, कुलूप न लावता. बंद दारानं वरच्यांना काही मिनिटं मिळतात. बाहेर येऊन १०१ किंवा ११२ लावा, बंब कुठल्या बाजूनं आत येऊ शकेल ते सांगा आणि एका पोराला कोपऱ्यावर उभं करा.

आमचे मालक रात्री शटरला बाहेरून कुलूप लावून जातात. माल चोरीला जातो म्हणतात. त्यांना काय सांगू?

पुण्याजवळ उरुळी देवाचीत ९ मे २०१९ ला साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत पाच कामगार झोपले होते. दाराला बाहेरून कुलूप होतं. पाचही जण गेले.

मालकांना हे वाचून दाखवा. भांडू नका. ‘शेठ, कडी आतून लावतो, कुलूप आतून लावतो, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला ठेवतो आणि माल मोजून देतो’ असं सांगा. ते ऐकत नसतील तर लिहून पाठवा आणि त्या लेखी निरोपाची प्रत घरी पाठवा. आणि आज रात्री कुलूप लागणारच असेल तर आज रात्री तिथं झोपू नका. स्टेशनवर झोपा, देवळात झोपा, ओळखीच्या कुणाच्या ओट्यावर झोपा. सकाळी कामाला जा.